संघा एमएच३५, पहिला नंबर

मुर्री, गोंदिया
११ जुलै २०२५

रत्नपाल,

सप्रेम जय भीम. दवनीवाड्याला जाऊन मामींकडून तुझा पत्ता घेतला. मामी धानाच्या रोवणीतून आल्या होत्या, पायाचा चिखलही धुतला नव्हता, आणि तुझंच कौतुक सांगत होत्या. फौजेच्या ट्रेनिंगमध्ये मोबाइल जमा केले म्हणे, रविवारी घरी थोडं बोलायला देतात, तेही लाइनीत उभं राहून. मग मामींच्या वाटणीची मिनिटं मी कशाला खाऊ? म्हणून हा कागद. माझ्या अक्षराला हसू नको. गॅस एजन्सीच्या काउंटरवर दिवसभर कीबोर्ड बडवून हात तसाच झाला आहे.

आता मुद्द्याचं. तुझ्या लाडक्या भावाचं मी काय करू? काल आमच्या संघदीपनं मोबाइल भिंतीवर फेकला. बाबा नुकतेच राइस मिलमधून आलेले, अंगावर भुसा तसाच. ते म्हणाले, हा डब्बा उद्या तलावात टाकतो. तर हा म्हणतो, "टाका, मलेही टाका सोबत." आई रडायला लागली. आमच्या घरी त्याला कोणी रागवत नाही हे तुला माहीत आहे. सिकलसेलचं दुखणं उठलं की जो पोरगा उशी चावून रडतो, त्याला काय बोलायचं?

आणि कारण काय, तर गेममध्ये जिल्ह्यात पहिला होता तो तिसरा झाला! बाप्पा रे! वीस वर्षांचा घोडा, जेवला नाही त्यापायी.

तुम्ही दोघं चार वर्षं जोडीनं खेळलात. त्याच्याशी बोलायला गेले की "तुले नाही समजत" म्हणतो. तर तू समजाव. त्या नंबरचं काही मिळतं का? मिळत नसेल तर काऊन मरून राहिला हा त्याच्यासाठी?

तुझी,
स्नेहल


ट्रेनिंग सेंटर
२४ जुलै

स्नेहलताई,

जय भीम. तुझं पाकीट पाहून परेडचा उस्ताद म्हणे, "गर्लफ्रेंड का है क्या?" म्हटलं, साहेब, आत्याची पोरगी आहे, मोठी आहे, मारते. तं सगळे हसले. इथं हसाले तेवढंच मिळते. बाकी दिवसभर पळून राहिलो.

तू विचारलं, काही मिळते का. काही नाही मिळत. रुपया नाही, कागद नाही.

पण संघाची दवाखान्याची फाइल आठव. आकडेच आकडे. हिमोग्लोबिन इतकं, वजन इतकं, रक्ताच्या बाटल्या इतक्या. सगळे दुसऱ्यानं लिहिलेले अन् सगळे खाली जाणारे. कॉलेजची हजेरी तशीच. सोताच्या हातानं वर नेलेला एकच आकडा आहे त्याच्यापाशी, तो गेममधल्या नंबरांच्या बोर्डावर आहे. तिथं कोणालेच माहीत नाही का हा पोरगा जिना चढला तं धापा टाकते. हैदराबादचा पोरगा विचारते, "भाई, ये एमएच पैंतीस कहाँ पड़ता है?" संघा सांगते, "गोंदिया. आके देख." त्याचं नावच तसं आहे तिथं, संघा एमएच३५. मी सोबत खेळायचो, मलेही वाटे आपण मोठ्या माणसासोबत आहो.

अन् आमच्या गेमच्या ग्रुपची पोरं एकमेकाची तोंडंही ओळखत नाहीत. मग भरवसा कशावर ठेवाचा? आकड्यावरच. शंभर गोळ्या मारल्या तं किती लागल्या, हे प्रत्येकाच्या नावापुढं दिसते. त्याले आम्ही नेम म्हणतो. ज्याचा नेम पक्का त्याच्या हाती लांबची बंदूक, तो मागं उभा, अन् बाकीचे त्याच्या भरवशावर पुढं धावतात. मी चार वर्षं संघाच्या भरवशावर धावलो. म्हणून आकडा खोटा केला तं आमच्यात माफी नाही. तिरोड्याच्या एका पोरानं आपल्या आयडीवर चुलतभावाले खेळाले बसवलं होतं. 'पराया हात' म्हणतो आम्ही त्याले. संघानं आकडा पाहूनच ओळखलं अन् त्याले ग्रुपमधून काढलं. तो पोरगा रडला, तरी काढलं.

हा सीझन ३० सप्टेंबरले संपते. त्या दिवशी बोर्ड गोठते, मग ती नावं कायमची, कोणाच्या बापाले हलवता येत नाहीत. तोपर्यंत रोज खेळा लागते, नाही खेळला तं पॉइंट तुटतात. नेट बंद करू नको त्याचं, हात जोडतो.

तो खाली काऊन आला म्हणशील तं मी नाही म्हणून. जोडी तुटली ना. कुडव्याचा टिंकू आहे ग्रुपमध्ये, चांगला खेळते, त्याले सोबत घे म्हणा. होईल ठीक.

तुझा,
रत्नपाल


मुर्री
५ ऑगस्ट

रत्नाभाऊ,

जय भीम. ताई तुले लिहून राहिली हे मले समजलं. तू तिले सांगितलं का जोडी तुटली म्हणून मी उतरलो. नाही भाऊ.

उजव्या डोळ्यात पहिले काळे ठिपके आले. मग जाळं आलं. आता त्या डोळ्यानं फक्त उजेड समजते. डाव्यातही कधी कधी धागा फिरते. लांबची बंदूक उचलली का माणूस कोणता अन् झाड कोणतं समजत नाही. म्हणून जवळची बंदूक घेऊन दाराच्या मागं लपून खेळून राहिलो. चोरासारखा. माझा नेम एकेचाळीस होता ना? एकोणीस झाला. ग्रुपवाले म्हणतात, भाई फॉर्म गया क्या. म्हणतो, हो, फॉर्म गेला.

नागपूरले गेलो तं भरती करतीन. माझ्यासारख्या सिकलवाल्याले आधी रक्त चढवतीन, मग डोळ्याले हात लावतीन. दोन-तीन हप्ते जातीन अन् मी बोर्डावरून साफ. ३० सप्टेंबर झाला का त्याच दिवशी जातो, आईची शपथ. तोपर्यंत पहिल्या तिघांत राहू दे मले. बाकी माझ्यापाशी काय आहे, सांग ना. नोकरी लागणार आहे का लग्न होणार आहे?

ताईले सांगशील तं तुझा माझा संबंध संपला.

संघदीप


ट्रेनिंग सेंटर
१४ ऑगस्ट

संघ्या, गाढवा,

बोर्ड गेला चुलीत. आजच्या आज डॉक्टरले दाखव. दाखवलं असं तुझं पत्र महिनाअखेरपर्यंत नाही आलं तं मी ताईले लिहितो, मग बोलू नको माझ्याशी जन्मभर.

तुझं पत्र वाचलं तवापासून परेडमध्ये पाय चुकून राहिला माझा. उस्ताद शिव्या देऊन राहिला. दे म्हणा. तू जा बाबा. पाया पडतो.

रत्नपाल


मुर्री
२३ ऑगस्ट

भाऊ,

दाखवलं. डॉक्टर म्हणे अशक्तपणा आहे, पालक खा, थेंब टाका. टाकून राहिलो. बरंच साफ दिसते आता. टेन्शन घेऊ नको, ट्रेनिंग कर. टिंकू आला आहे, हे पत्र त्याच्याच हाती देऊन राहिलो. ताईले लिहायची काही गरज नाही.

संघदीप


मुर्री
२९ ऑगस्ट

रत्नपाल,

जय भीम. तुझ्या पत्रानं जादू केली म्हणायची! ते वाचल्यापासून मी त्याला एका शब्दानं बोलत नाही. उलट संध्याकाळी विचारते, "काय साहेब, आज कितवा?" तो बोटं दाखवतो, तीन. बाबाही विचारायला लागले. परवा मिलमधल्या हमालांना सांगत होते, माझा पोरगा जिल्ह्यात तिसरा आहे. कशात ते नाही सांगितलं. मी पोट धरून हसले.

त्याची चिडचिडही थांबली आहे. नुसता शांत असतो. वेंधळा मात्र फार झाला. चहा ओतला तर अर्धा कपाच्या बाहेर. काल दाराची चौकट कपाळाला लागली, टेंगूळ आलं. मी म्हटलं, साहेब, जमिनीवर या, जिल्हाच जिंकला आहे, जग नाही. हसला. महिना झाला असेल, घराबाहेर पाऊल टाकलं नाही त्यानं, कुडव्यापर्यंतसुद्धा नाही. आई म्हणते, राहू दे, घरात आहे तर डोळ्यांसमोर आहे.

३० सप्टेंबरला नाव पक्कं झालं की मी सगळ्यांना रसगुल्ले देणार आहे. तुझ्या वाट्याचा मीच खाईन.

स्नेहल


ट्रेनिंग सेंटर
६ सप्टेंबर, स्पीड पोस्टानं

ताई,

हे पत्र हातात पडलं का एजन्सीतून सुट्टी घे अन् संघाले नागपूरले ने.

त्याच्या उजव्या डोळ्यानं दिसत नाही. जुलैपासून. मले ५ ऑगस्टच्या पत्रात सांगितलं त्यानं, अन् ताईले सांगशील तं संबंध संपला म्हणे. मी त्याले धमकावलं तं म्हणे डॉक्टरले दाखवलं, थेंब दिले. मी मानलं. ताई, मले ते खरं मानाचंच होतं. पत्रातल्या ओळी एकमेकींवर चढलेल्या होत्या, तेही पाहिलं अन् म्हटलं घाईत लिहिलं असन. मग तुझं पत्र आलं का महिना झाला हा बाहेर निघाला नाही. चहा बाहेर सांडते. चौकट लागते. मी मेसमध्ये बसून वाचलं अन् ताट तसंच ठेवलं.

तो येणार नाही म्हणन. ३० तारखेपर्यंत थांबा म्हणन. ऐकू नको. ओढत ने.

अन् एक काम कर. त्याचा मोबाइल तुझ्यापाशीच राहीन ना दवाखान्यात? तो टिंकूले दे. रोज संघाच्या आयडीवर खेळ म्हणा, पॉइंट तुटू देऊ नको म्हणा, बस. कोणाले सांगू नका, संघाले तं बिलकुल नाही. हाच तो पराया हात, मले माहीत आहे. पाप लागन तं मले लागन. डोळा गेला अन् नावही गेलं, असं दोन्ही नको व्हाले त्याचं. इथं बसून मी दुसरं काय करू शकतो, सांग.

उद्यापासून जंगलात फायरिंगचा कॅम्प आहे. रविवारचा फोनही नाही. पत्र मात्र तिथं पोचतात.

रत्नपाल


नागपूर
१९ सप्टेंबर

रत्नपाल,

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहीत आहे. तुझं पत्र १३ला मिळालं, १४ला आम्ही निघालो.

मी त्याच्यावर ओरडले. मग त्याच्या गळ्यात पडून रडले. बहीण आहे की कोण आहे मी? समोर चहा सांडत होता आणि मी थट्टा करत होते! त्यानं चाचपडत चपला शोधल्या. मग म्हणाला, "चल." मला वाटलं होतं मारामारी होईल. काही झालं नाही.

गाडीत तुमसर गेल्यावर स्वतःच बोलला, "उतरू दे ताई. दहावा झालो तरी चालन. जेवढं राहीन तेवढं माझं राहीन." मी म्हटलं, हो रे राजा, आणि पाणी दिलं. रुसून बोलतो आहे असंच वाटलं मला.

आता डॉक्टरांचं. सिकलमुळे डोळ्याच्या आतल्या नसा बंद होतात, नवीन कच्च्या नसा फुटतात, त्या रक्त सोडतात. उजव्या डोळ्याचा पडदा सुटला आहे. आधी रक्त बदललं, मग ऑपरेशन केलं, पण त्या डोळ्याची आशा धरू नका म्हणाले. डाव्याला लेसर दिलं आहे. जेवढं आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू, असं म्हणाले. दोन महिने आधी का नाही आणलं, असंही विचारलं.

सध्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे. महिनाभर मोबाइल पाहायचा नाही.

तू सांगितलंस तसं केलं. आम्ही निघायच्या दिवशीच मोबाइल टिंकूला दिला. भला पोरगा आहे, रडतच घेतला. रात्री त्याचा फोन येतो. परवा म्हणाला, "ताई, पॉइंट कायले राखत बसू, भाऊले पहिला करूनच देतो." काल दुसऱ्या नंबरवर आणलं त्यानं! या सगळ्यात ती एकच गोष्ट मला बरी वाटते रे. घरी गेल्यावर संघाला सांगायला माझ्याकडे काहीतरी असेल.

स्नेहल


जंगल कॅम्प
२७ सप्टेंबर

ताई,

थांबव. टिंकूले थांबव. मोबाइल घे अन् बंद करून ठेव.

तुझं पत्र आज भेटलं. गाडीत तो काय बोलला ते तू लिहिलं अन् तुलेच समजलं नाही. मलेही समजलं नव्हतं, नाही तं तसलं काम सांगितलं नसतं. त्यानं नंबर सोडला होता ताई. दहावा का असेना, आपला पाहिजे होता त्याले. अन् आपण त्याच्यापासून तेवढंही काढून घेऊन राहिलो.

आज २७ आहे. हे पत्र ३०च्या आधी तुले भेटणार नाही, मले माहीत आहे. कॅम्पमधल्या साहेबाले फोन मागितला. म्हणे, "घर में कोई मरा क्या?" म्हटलं, नाही साहेब. म्हणे, तो फिर?

तरी पाठवून राहिलो.

रत्नपाल


मुर्री
८ ऑक्टोबर

रत्नपाल,

तुझं पत्र ४ तारखेला आलं. सगळं होऊन गेलं होतं.

३० तारखेला बोर्ड गोठला. संघा एमएच३५, पहिला नंबर. आम्ही १ला नागपूरहून परतलो, तर टिंकू पेढे घेऊनच आला. पट्टी काढली आहे, डाव्या डोळ्यानं त्याला आकृती दिसते, दारात कोण उभं आहे एवढं कळतं, अक्षर नाही. मी त्याच्या उशाशी बसले आणि म्हटलं, ओळख बरं तू कितवा आलास? तो म्हणाला, "असन दहावा-बारावा." मी म्हटलं, पहिला! आई टाळ्या वाजवायला लागली. बाबांनी त्याच्या तोंडात पेढा घातला.

त्यानं तो चावलाच नाही. म्हणाला, "ताई, माझ्या नावावर बोट ठेव. पुढं नेम दिसन, वाच." मी वाचलं, एकतीस. मला काय कळतं त्यातलं? आनंदानं वाचलं मी ते, मोठ्या आवाजात.

तो म्हणाला, "हा मी नाही ताई. माझा एकोणीस होता. कोण खेळलं?"

मी खोटं बोलायचा प्रयत्न केला. टिंकू दारातच होता, त्याला राहवलं नाही. पाय धरले त्यानं संघाचे. संघानं त्याला उठवलं, जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला. एक वाईट शब्द बोलला नाही. मला वाटलं होतं फेकाफेक करेल. केली असती तर बरं झालं असतं.

नाव काढून टाकता येईल का, विचार म्हणाला. गेमवाल्यांना त्याच्या सांगण्यावरून लिहिलं. उत्तर आलं, सीझन संपला, निकाल अंतिम, अभिनंदन. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर, तसंच अभिनंदन.

मग त्यानं मला ग्रुपवर टाइप करायला लावलं. "मेरे आईडी पे पराया हाथ था. जो नियम है वो करो. मुझे निकालो." मी टाइप करत होते आणि मला वाटत होतं, काढतील, शिव्या घालतील, हा सहन कसा करेल? रत्नपाल, कोणी काढलं नाही. टिंकूनं त्याच्या बाजूनं बोलायच्या भरात सगळं सांगून टाकलं होतं, सिकल, नागपूर, डोळा, सगळं. मेसेज येतच राहिले. भाई तू आराम कर. भाई, रूल तेरे लिए नहीं है. भाई, तू बीमार था, चलता है. कोणी हात जोडले, कोणी फुलं पाठवली. त्या हैदराबादच्या पोरानं लिहिलं, पहले बताता तो हम तुझे ऐसे ही जिता देते.

मी एकेक वाचून दाखवत होते. ते शेवटचं वाचलं तेव्हा म्हणाला, "बस."

मला राग कोणाचा यावा तेच समजत नाही. सगळे चांगलेच वागले. तू, टिंकू, ती पोरं, मी. एकानंही त्याचं वाईट चिंतलं नाही. आता तिथंही तो आजारी पोरगा झाला, आणि सगळे त्याच्याशी आमच्या घरच्यासारखं हळू आवाजात बोलतात.

काल संध्याकाळी त्यानं मोबाइल मागितला. ग्रुपमधून बाहेर पडायचं बटण कुठं आहे विचारलं. मी म्हटलं, मी दाबते. म्हणाला, "नाही, माझा हात." मी त्याचा अंगठा धरून तिथं नेला. दाबलं त्यानं. मग मोबाइल माझ्याकडे दिला आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

तू त्याला लिहिशील हे मला माहीत आहे. लिही. फक्त एवढं लक्षात ठेव, तुझं पत्र आता मीच वाचून दाखवणार आहे त्याला, आणि त्याला तुला जे सांगायचं असेल ते मलाच सांगावं लागणार आहे.

स्नेहल